एक शब्द आधी

४ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. आई म्हणाली, मामाला लिहिताना हे लिहावंच लागतं. मी पडले इंग्लिश मीडियमची, साष्टांगमध्ये कुठली आठ अंगं येतात ते मला माहीत नाही, तू आपली सगळी धरून घे. पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही आणि मग तू रागावून "हं, हं, मजेत आहोत" म्हणतोस आणि ठेवून देतोस.

तर बातमी अशी की मी लागले! देशाच्या सभागृहात! निवडून नाही, घाबरू नकोस. साऊंड रूममध्ये.

सभागृहाच्या वरच्या अंगाला एक काचेची खोली आहे. त्यात मी, आमचे हेड, आणि शेजारच्या टेबलावर कॅमेरे बदलणारी कॅमेरावाली. हेड इतकी वर्षं तिथे बसलेत की खुर्चीला त्यांचा आकार आलाय. खाली अर्ध्या चंद्रासारखी बाकं. प्रत्येक बाकावर बदकाच्या मानेसारखा एक माईक आणि एक छोटा स्पीकर, आणि ते सगळे माझ्या बोटांखाली. बटण वर केलं की मंत्री, खाली केलं की मुका!

काल अधिवेशनाचा पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी राष्ट्रगीत, तिन्ही कडवी. इथली रीत अशी की तेव्हा सगळे माईक बंद, हात सरळ खाली, आणि हातात कागद नाही. कागद बघून राष्ट्रगीत म्हणणं म्हणजे इथे नाक कापून घेणं. गॅलरीतल्या बँडने सूर दिला आणि मामा, काय सांगू! जी माणसं आत्ता आत्ता एकमेकांची उणीदुणी काढत होती ती सगळी एकदम उभी राहिली, एकदम श्वास घेतला, तो श्वास मला काचेतून ऐकू आला, शप्पथ, आणि मग तो आवाज छतापर्यंत गेला आणि छताने तो परत दिला. काच थरथरली. माझ्या हातावरचे केस उभे. हेड म्हणाले, "पहिल्यांदा सगळ्यांचं असं होतं." मी विचारलं, "आणि नंतर?" तर म्हणाले, "मला अजून होतं, पण मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो."

आणि अशा वेळी एक बाई चक्क गप्पा मारत होती!

पहिल्या रांगेच्या टोकाला. अपक्ष आहे, पूर्वी नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणतात. अपक्षांना उरलीसुरली जागा मिळते, तशी तिला तोफेच्या शेजारची मिळालीये. तोफ म्हणजे सरकारी पक्षाचे सगळ्यात जुने सदस्य. माईक नसला तरी शेवटच्या रांगेच्या कानठळ्या बसतात, म्हणून तोफ. ते बिचारे छाती काढून गातायत आणि ही त्यांच्या कानाशी पुटपुटतेय. लायब्ररीतसुद्धा लोक याच्यापेक्षा गप्प बसतात! मी कॅमेरावालीला कोपराने ढोसलं, म्हटलं, घे त्या बाईवर, बघू दे देशाला. तिने घेतला. भला मोठा क्लोज-अप.

माझं तर पक्कं मत झालंय. ज्याला देशाने निवडून दिलंय त्याने राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे. मोठ्याने आणि पूर्ण. नाही म्हणायचं तर घरी बसा. तुला काय वाटतं?

मामीला सांग, पत्राखाली तिची नेहमीची एक ओळ पाहिजेच. ओरडणारी चालेल.

तुझी,
भोंगा


९ मार्च

प्रिय भोंगे,

पाळण्यात तू रडायला लागलीस की गल्लीतली कुत्री गप्प व्हायची, म्हणून मी तुझं नाव भोंगा ठेवलं. आता सरकारने तुझ्या हातात अख्ख्या देशाचे भोंगे दिलेत. देव सरकारचं भलं करो.

तुझं पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. पूर्ण बाह्यांच्या शर्टापाशी ती दोन्ही वेळा हसली, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.

तुझ्या मताबद्दल. म्हटलंच पाहिजे म्हणतेस. बरं. माझी हयात नाटक कंपनीत गेली, तुला ठाऊक आहे. तिथे मी असे राजे पाहिलेत जे प्रत्येक प्रयोगात देशासाठी छातीत तलवार खुपसून घ्यायचे आणि पडदा पडला की पहिला प्रश्न, "चहा आला का रे?" आणि आमचा एक पडदे रंगवणारा होता. राष्ट्रगीत सुरू झालं की त्याच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही, नुसते डोळे गळायचे. तुझ्या क्लोज-अपमध्ये त्याचं तोंड बंदच दिसलं असतं. नुसतं तोंड हलण्यावरून माणूस मोजायचा म्हटलं तर मासे सगळ्यात मोठे देशभक्त.

पण तुझं साफ चूक आहे असंही मी म्हणणार नाही. सगळे मिळून म्हणतात त्यात काहीतरी असतं. तुझ्या हातावरच्या केसांना ते कळलंय, ते काही मूर्ख नाहीत.

एक विचारू? त्या बाई बोलत होत्या म्हणतेस. सगळा वेळ? की मधूनमधून? मधूनमधून असेल तर नक्की केव्हा? तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच. जरा बघ. म्हाताऱ्याची हौस समज.

मामीचा हात दुखतोय, म्हणून ओळ राहिली. बाकी ती मजेत.

तुझा मामा


१६ मार्च

प्रिय मामा,

हात दुखतोय तर शेक द्या, पण ओळ पाहिजे! त्याआधीच्या पत्रातही नव्हती. मी तिच्या वाढदिवसाला आले नाही म्हणून रुसलीये ना ती? खरं सांग.

इथे आग लागलीये आणि काडी मी लावलीये.

तो क्लोज-अप जिकडेतिकडे फिरतोय. सिस्टरच्या घराबाहेर लोक जमून मोठमोठ्याने राष्ट्रगीत म्हणतात. आणि आमच्याकडे एक मंत्री आहेत, त्यांच्या शर्टाला सुरकुती पडलेली कोणी पाहिली नाही, म्हणून त्यांचं नाव इस्त्री. तोफेचे पट्टशिष्य, त्यांचं बोट धरून राजकारणात आलेले. त्यांनी ठराव मांडला. मला आधी वाटलं, झालं, टीव्हीसाठी नाटक सुरू. पण नाही रे. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. म्हणाले, "हे गीत म्हटलं म्हणून माझ्या वडिलांना तुरुंगात टाकलं होतं. आपल्याला कोणी टाकत नाही, तर आपण गप्पा मारतो." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ठराव पास झाला. पुढच्या महिन्यात खास बैठक आहे. त्या दिवशी प्रत्येकाने तिन्ही कडवी म्हणायची, प्रत्येकाचा माईक चालू. जो गाणार नाही तो अधिवेशनातून बाहेर. आणि दुसऱ्यांदा सापडेल त्याची जागाच जाणार. सिस्टरचं पहिलं तर झालंच असं धरलंय.

अध्यक्षांनी तिला उभं केलं.

"आपण बोलत होता?"

"बोलत होते."

"कोणाशी?"

"शेजारी."

"काय बोलत होता?"

"ते मी सांगणार नाही."

आणि बसली! मी वर काचेला नाक लावून मनात ओरडतेय, अगं बाई, काहीतरी सांग ना! खोटं सांग! चक्कर आली म्हण! शेजारी तोफ समोरच्या कागदांकडे बघत बसले होते. त्यांनाही किती लाज वाटली असेल.

तू सांगितलंस तसं रेकॉर्डिंग हळू करून बघितलं. गंमतच आहे. ती सगळा वेळ बोलत नाही. पहिलं कडवं तर पूर्ण गातेय. दुसऱ्यापासून सुरू. प्रत्येक ओळीच्या जरासं आधी ओठ हलतात, मग बंद. पुन्हा पुढच्या ओळीच्या आधी. म्हणजे बाई गातच होती, मामा! फक्त तालाच्या नावाने बोंब! सगळ्यांच्या पुढे पळतेय! मला शाळेच्या बँडमधून याच कारणासाठी हाकललं होतं. आता वाईट वाटतंय. सांगू का अध्यक्षांना, की बाई बेताल आहे, बेइमान नाही?

भोंगा


२० मार्च

प्रिय भोंगे,

कोणालाही काहीही सांगू नकोस. आधी हे वाच.

बेताल माणूस कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो. दर ओळीला बरोबर तेवढंच आधी, असा बेताल मी पाहिलेला नाही. तो धंदा माझा होता.

नाटकात मी काय करायचो ते तू कधी विचारलं नाहीस. लहानपणी तुला वाटायचं मी तिकिटं फाडतो. मी प्रॉम्प्टर होतो. पडद्याआड, विंगेत, एका मोडक्या स्टुलावर. नट अडकला की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या कानात टाकायचा. एकच शब्द, एक श्वास आधी. जास्त दिलं तर प्रेक्षकांना कळतं. उशिरा दिलं तर नट मेला. आणि चांगल्या प्रॉम्प्टरचं नाव कोणाला माहीत नसतं, कारण त्याचं नाव झालं म्हणजे कोणीतरी नट उघडा पडला.

त्या बाई शब्द देतायत, भोंगे. त्यांच्या शेजारी कोण उभं असतं ते तूच लिहिलंस. कागद बघायचा नाही ही रीतही तूच लिहिलीस. आता जुळव.

तुला वाटेल, मामाला घरबसल्या एवढं कसं कळलं. मामीचा हात दुखत नाही. रुसलीही नाहीये. तिला विसरायला होतंय. आधी चाव्या, मग शेजारणींची नावं. तुझ्यासाठी ओळ लिहायला बसते, पेन धरते, आणि पहिला शब्द येत नाही. तिला! भोंगे, आख्ख्या कंपनीत तीच एक नटी, जिला मी कधी शब्द दिला नाही. तिच्या प्रवेशाला मी विंगेत बसून नुसता बघत राहायचो. मॅनेजर म्हणायचा, "काय प्रॉम्प्टर, फुकटचा पगार?" तो आता वसूल होतोय.

सकाळी ती म्हणते, "अहो, ते हे..." मी हळूच म्हणतो, "खिडकी." की पुढचं सगळं तिचं ती, "खिडकी उघडा, किती कोंडलंय, तुम्हाला मेलं कळतच नाही काही!" एवढ्याशा शब्दाने अख्खी बाई परत येते. ऐटीत. मी रोज थक्क होतो. आणि चारचौघांत आम्ही हे इतकं बेमालूम करतो की तुझ्या आईलाही पत्ता नाही. तिला मी सांगेन. तू नको.

मामा


२७ मार्च

मामा,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरले नुसती. मामीबद्दल नीट लिहीन. आता लिहिलं तर शाई पसरेल, आणि कँटीनमध्ये सगळे बघतायत.

काल माईकची ट्रायल झाली. सगळ्यांनी दोन-तीनदा उभं राहून गायचं आणि आम्ही माईक तपासायचे. मी हेडफोन लावला आणि एकेक बाक उघडत गेले. मामा, पहिल्या दिवशी तो एक आवाज होता. आत शिरल्यावर केवढी माणसं निघाली त्यात! एक जण झोपेतून उठवल्यासारखे गातात. एक मंत्री दुसऱ्या कडव्याला नुसतं ला ला ला करतात. मागच्या रांगेतल्या एक बाई इतक्या सुरेल की मी त्यांच्यावर थांबूनच राहिले, आणि त्यांना बिचाऱ्यांना कधी कोणी बोलायला वेळ देत नाही. इस्त्री डोळे मिटून गातात, एक अक्षर चुकत नाही.

मग पहिल्या रांगेचं टोक उघडलं. पहिलं कडवं तोफ एकटेच, दणदणीत. दुसरं आलं. आधी सिस्टरचा आवाज. आवाज कसला, नुसती वाफ. एक शब्द. आणि त्या शब्दातून तो प्रचंड आवाज उघडत गेला, आख्खी ओळ, शेवटपर्यंत. मग ओळ संपली, आणि तिथे पोकळी होती. मला ऐकू आली ती. विहिरीत वाकून बघितल्यासारखी. पुन्हा वाफ. पुन्हा एक शब्द. पुन्हा आख्खा माणूस.

मी हेडफोन काढून ठेवला. हेड म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "मलाही पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजे."

नंतर पाण्याच्या नळापाशी सिस्टर भेटल्या. मी म्हटलं, "मी साऊंडमधली." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ताप आहे का बघतात तसं.

"मग ऐकलं असशील."

"हो. आणि तो क्लोज-अप ना, मीच सांगितलं होतं घ्यायला..."

"ते राहू दे. कोणाकोणाला बोललीस?"

"फक्त मामाला. तो लांब असतो."

"मामाच्या पोटात राहतं का काही?"

"त्याचा धंदाच तो होता."

त्या हसल्या. मी म्हटलं, "सांगून टाका ना सगळ्यांना! तुमची जागा जाईल. आणि ते पडले सरकारी पक्षाचे, तुमच्या बाजूचे पण नाहीत. उलट!"

"उलटच," त्या म्हणाल्या. "माझं एक बिल पास होऊ देत नाही हा माणूस. फाडून खातो. पण एक दिवस गाताना शब्द अडला आणि त्याने माझी बाही धरली. माझीच का? तर मी शेजारी होते म्हणून. मी आयुष्यात नाडी बघताना पक्ष विचारला नाही गं. खास बैठकीत त्यांचं शेवटचं भाषण आहे. मग ते आपल्या पायांनी घरी जाणारेत, तोफ म्हणून. तेवढं होऊ दे. तुझ्या मामाला सांग, पोट सांभाळ."

आणि आज कळलं, इस्त्रींनी सिस्टरची जागा बदलून घेतली. शेवटची रांग, एकट्या, बरोबर कॅमेऱ्यासमोर. तोफेच्या शेजारी आता स्वतः इस्त्री. मामा, आता काय? सांगितलं तर तोफ संपले. नाही सांगितलं तर ते दुसऱ्या कडव्यात अडकणार, आख्ख्या देशासमोर, माईक चालू असताना. आणि तो माईक मी चालू करणार! सांग ना, काय करू?

भोंगा


३१ मार्च

भोंगे,

पोस्टमन दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात.

सांगू नकोस. पण हातावर हात ठेवूनही बसू नकोस. नट कुठे उभा आहे आणि त्याच्या कानापर्यंत शब्द कसा पोचेल, प्रॉम्प्टरने एवढंच बघायचं. एकदा आमची विंगच कोसळली, तर मी स्टेजखाली पालथा पडून फळ्यांच्या फटीतून शब्द दिलेत. तुझ्याकडे तर वायरी आहेत.

मामी म्हणाली, "पोरीला सांगा," आणि पुढचं अडलं. मी मुद्दाम शब्द दिला नाही. तुझा तू शोध.

मामा


५ एप्रिल

मामा! मामा!

झालं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सगळे माईक चालू, बाकांवरचे स्पीकर सगळे बंद. हेडनी बजावलं होतं, "एकही स्पीकर उघडायचा नाही. माईक आणि स्पीकर शेजारी शेजारी उघडले की शिट्टी वाजते, देशभर." गॅलरी खच्चून भरलेली. अध्यक्ष उभे राहिले. बँडने सूर दिला. पहिलं कडवं असं उठलं की मला वाटलं आता छत जागचं हलतंय. माईक लावलेत म्हणून सगळे जीव तोडून गात होते, आणि त्या जीव तोडण्यातही किती सुंदर होतं ते! मी एक क्षण सगळं विसरलेच.

मग दुसरं कडवं. पहिली ओळ. तोफ उभे, हात सरळ, तोंड उघडं, आणि माझ्या कानात ती विहीर.

इस्त्रींनी गाता गाता त्यांच्याकडे बघितलं.

मी शेवटची रांग उघडली. सिस्टरच्या समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा. त्यांनी फक्त सगळ्यांबरोबर गायचं होतं, मामा. बस्स. सगळं माफ होतं. आणि मला ऐकू आलं. दुसऱ्या ओळीच्या एक श्वास आधी, एक शब्द. आख्खं सभागृह मध्ये. तो शब्द पोचणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी दिला.

माझा हात आपोआप गेला. तोफेच्या बाकावरचा स्पीकर, त्यात फक्त शेवटची रांग.

हेड म्हणाले, "हात कुठे चाललाय?"

"पहिल्या रांगेच्या टोकाला."

त्यांनी हेडफोन एका कानाला लावला. ऐकलं. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाले, "शिट्टी मारेल. आधी त्यांचा माईक अर्धा खाली घे, मग उघड." आणि स्वतःच्या हाताने शेवटच्या रांगेचा आवाज टीव्हीवर जाण्यातून काढून टाकला. कॅमेरावाली माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. तिने काही विचारलं नाही, कॅमेरा वर नेला. देशाने पुढच्या चार ओळी छत बघितलं.

तिसरी ओळ. बाकावरच्या एवढ्याशा स्पीकरमधून वाफ आली. एक शब्द. तोफ दचकले, आणि मग तो आवाज, मामा, उघडला! आख्खा! मी रडत होते आणि हेड म्हणत होते, "रड, पण बोट हलवू नकोस."

इस्त्रींना ऐकू गेलं. ते स्पीकरच्या इतके जवळ, जाणारच. त्यांनी स्पीकरकडे बघितलं. तोफेकडे बघितलं. मग हळूहळू मागे वळले, थेट शेवटच्या रांगेपर्यंत. माझ्यासमोर प्रत्येक माईकचा एक हिरवा दिवा नाचत असतो. इस्त्रींचा विझला. गाणं थांबलं त्यांचं. कडवं संपेपर्यंत दिवा विझलेलाच.

तिसरं कडवं. माझ्या कानात दोन शब्द एकदम आले. तोच शब्द, दोन आवाजांत. एक स्पीकरमधून आणि एक शेजारून. इस्त्री! झुकून, तोफेच्या कानाशी. अगदी नवशिके, जरा जोरात, जरा लवकर. पण पोचला. तू असतास तर स्टुलावरून उठून त्यांना ओरडला असतास.

सिस्टरना लांबून ते झुकलेलं डोकं दिसलं असणार. त्या थांबल्या. एक मोठा श्वास घेतला आणि सगळ्यांबरोबर गायला लागल्या. आणि मामा, बाई खरंच बेताल आहेत! बेसूर पण! हेडचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. इतकं वाईट गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं आणि मला ते संपूच नये असं वाटत होतं. मी स्पीकर बंद केला. आता माझी गरज नव्हती.

संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ठरावाप्रमाणे विचारतो. कोणी गायलं नाही असं आहे का?"

सिस्टर उठायला लागल्या. त्या अर्ध्या उठल्या असतील तोवर पहिल्या रांगेतून आवाज आला, "मी."

इस्त्री उभे होते. पाठीवर शर्टाला ही मोठी सुरकुती. म्हणाले, "दुसरं कडवं अर्ध्यावर सोडलं. तिसरं जवळजवळ सगळंच."

अध्यक्ष गोंधळले. "आपण? मग काय करत होता?"

"ते मी सांगणार नाही."

मामा, आख्खं सभागृह वळून शेवटच्या रांगेकडे बघायला लागलं. टाचणी पडली असती तरी मी ती रेकॉर्ड केली असती. इस्त्री म्हणाले, "ठराव माझा होता. मी मागे घेतो. आणि त्या सदस्यबाईंना त्यांची जागा परत द्या. मी तिथे कच्चा पडतो."

मग तोफेचं शेवटचं भाषण झालं. भाषणाला कागद चालतो. वाचलं त्यांनी, खिडक्या हलवत. संपल्यावर कागद ठेवला, शेजारी वळले आणि लहान मुलासारखं विचारलं, "बरोबर म्हटलं ना मी?" इस्त्री म्हणाले, "बरोबर." माईक चालू राहिला होता. सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

तू विचारशील, आता मत काय? नेत्यांनी राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे का? मला अजून वाटतं, पाहिजे. माणसं एकत्र गायली की काय होतं हे ज्यांनी आतून ऐकलंय त्यांना तसंच वाटेल. फक्त आता कोणाचं तोंड बंद दिसलं तर मी कॅमेरावालीला ढोसणार नाही. आधी बाक उघडून ऐकेन.

शुक्रवारी येतेय. मामीने माझ्यासाठी ओळ लिहायला घ्यायची. पहिला शब्द मी देईन.

भोंगा


९ एप्रिल

प्रिय भोंगे,

ये. तुझ्या आईला सांगितलंय सगळं. ती आधी रडली, मग माझ्यावर ओरडली, मग मामीचे केस विंचरून दिले.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. सिस्टर बेसूर निघाल्या तिथे ती खो खो हसली. संपल्यावर म्हणाली, "कोणाचं पत्र?" मी म्हटलं, "भोंग्याचं." म्हणाली, "मग वाचा की." म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्या खेपेला, तो शब्द पोचणार नाही हे त्यांना माहीत होतं, इथपर्यंत आलो आणि माझं वाचणंच थांबलं. वयाचा दोष, दुसरं काही नाही. चष्मा नाकावर, कागद हातात, आणि तोंडातून अक्षर फुटेना. मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो.

मामी खुर्चीत, डोळे मिटून बसलेली. तिला वाटलं, मी अडकलो. ती थांबली. एक श्वास, भोंगे, बरोबर एक श्वास. आणि मग डोळे न उघडता, ओठ हलतील न हलतील असं, हळूच म्हणाली,

"तरी..."

"तरी दिला," मी पुढे वाचलं.

तुझा,
मामा